धीर कशाच्या जोरावर धरायचा?

जानेवारी २०२५मध्ये बंगळुरूतल्या दोन तान्ह्या बाळांना एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूची लागण झाल्याची बातमी आली आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लॉकडाऊनच्या अफवा सुरू झाल्या. त्याच दिवशी सेन्सेक्स बाराशेहून जास्त अंशांनी कोसळला. ग्रुपवर दोन तट पडले. एकाने मास्कची खोकी मागवली, दुसऱ्याच्या मते हे सगळं औषध कंपन्यांचं थोतांड. त्यात आम्हा परदेशस्थांपैकी काहींनी आपला सूर लावला: "आपल्या लोकांना शिस्तच नाही, इथे बघा लोक किती शांत!"

मी नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमला राहतो. हा शेवटचा सूर मला सगळ्यात जास्त खटकला.

हा विषाणू २००१मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनीच ओळखला. त्यांनी जपून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासले, तेव्हा १९५८च्या नमुन्यांतही त्याच्या प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) खुणा सापडल्या. म्हणजे तो निदान अर्धं शतक माणसांत वावरत होता, आणि पाच वर्षांच्या आतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला तो कधी ना कधी गाठतोच. बंगळुरूची बाळं परदेशात गेलेली नव्हती. नेहमीच्या श्वसनविकार तपासणीत त्यांची लागण आढळली. तपासणी नीट चालू होती म्हणून सापडली, ही खरं तर दिलासा देणारी गोष्ट होती. ती कुणी ठळकपणे सांगितली नाही.

आणि इथली शांतता? जानेवारी २०२१मध्ये कोविडसाठी रात्रीची संचारबंदी लागली, तेव्हा इथेच, रॉटरडॅममध्ये आणि आइंडहोवनमध्ये दंगली झाल्या. दुकानांत मास्क सक्तीचा व्हायला १ डिसेंबर २०२० उजाडला. डच माणूस जन्मतः थंड डोक्याचा असतो, असं मला तरी दिसलं नाही.

मला दिसतो तो फरक आजारपणाच्या रजेचा. इथे नोकरदार आजारी पडला तर मालकाला दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार द्यावा लागतो, आणि आजार कोणता हे विचारायचा त्याला हक्क नाही. सकाळी फोन करायचा, "आज बरं नाही", संपलं. खोकणारा माणूस ट्राममध्ये चढत नाही, कारण घरी बसल्याने त्याचं घरभाडं थकणार नसतं. आपल्याकडे ईएसआयसीच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, छत्राखाली असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. पण नाक्यावर उभा राहणारा मजूर, धुणीभांडी करणाऱ्या मावशी, रिक्षावाले दादा या छत्राबाहेरच. त्यांना "घरी थांबा" सांगणं सोपं आहे. एक दिवस खाडा झाला की त्या दिवसाची कमाई गेली. साथ पसरते ती या मजबुरीतून, आणि तिला बेशिस्त म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरी गोष्ट माहितीची. इथली सरकारी आरोग्यसंस्था श्वसनविकारांचे आकडे दर आठवड्याला मांडते, साथ असो वा नसो. वर्षभर आकडे पाहणारा माणूस एका बातमीने हादरत नाही. आपल्याकडेही आयडीएसपीचे, म्हणजे साथींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचे, साप्ताहिक अहवाल निघतात, पण इंग्रजीत. ते मराठीत, जिल्ह्यावार, दर सोमवारी वर्तमानपत्रात यावेत, यासाठी आपण भांडायला हवं.

तोवर घरात काय करायचं? एचएमपीव्हीवर लस नाही, खास औषध नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, मागचं उरलेलं पाकीट काढू नका. खिडक्या उघडा, साबणाने हात धुवा, सर्दी-खोकला झालेल्याने मास्क लावावा आणि बाळाचे पापे घेऊ नयेत. आजी-आजोबांचं फ्लूचं इंजेक्शन राहिलं असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि लहान मूल आजारी असेल तर ग्रुपवर विचारत बसण्याआधी एक करा. मूल शांत असताना त्याचं झबलं वर सरकवा, घड्याळ समोर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतलं बाळ मिनिटाला ५० किंवा जास्त वेळा, एक ते पाच वर्षांचं मूल ४० किंवा जास्त वेळा श्वास घेत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन महिन्यांहून लहान बाळाच्या बाबतीत मोजत बसू नका, थेट दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल दूध पीत नसेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.