जॉर्ज माझ्या बाबांचं नाव आहे

डोकं फिरलंय आज. नागपूरच्या सदरमधल्या आमच्या गल्लीत समोर नवे भाडेकरू आलेत. त्यांनी लॅब्रॅडॉर आणलाय आणि नाव ठेवलंय जॉर्ज. सकाळ-संध्याकाळ बाई गेटपाशी उभ्या राहून कोकलतात, "जॉर्ज, चप्पल सोड! जॉर्ज, तिथं शू नाही करायची!" आणि इकडे ओट्यावर माझे बाबा पेपर वाचत बसलेले असतात. त्यांचंही नाव जॉर्ज. दर हाकेला त्यांची मान वर होते, चष्म्यावरून समोर बघतात, आणि कळलं की पुन्हा पेपरात डोकं घालतात. उभी हयात अजनीला रेल्वेत काढलेला माणूस, सगळी गल्ली त्यांना जॉर्जकाका म्हणते. आता तीच पोरं "जॉर्ज, सिट!" म्हणून त्यांच्यासमोर खिदळतात.

बोलायला गेले तर उत्तर काय मिळालं? "मनावर कायले घेऊन राहिल्या ताई? इंग्रजी नाव आहे, रॉयल वाटते."

रॉयल! इंग्लंडच्या गादीवर सहा जॉर्ज बसले, ठाऊक आहे मला. पण सदरमध्ये, मोहननगरमध्ये जॉर्ज, हेन्री, मार्था ही शेजाऱ्यांची नावं आहेत हो. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून उभं आहे. तिथं शिकल्याचं अख्खं नागपूर छाती काढून सांगतं, आणि आमची नावं मात्र अजून परकी! आम्ही घरी मराठी बोलतो, प्रार्थना मराठीत करतो, नाताळाला करंज्या तळतो. अजून काय करायचं राहिलंय?

"तिकडं इंग्लंडात तर सगळेच ठेवतात," हेही ऐकवलं. ठेवतात ना, चार्ली आणि अल्फी नावाची कुत्री तिकडं ढिगानं आहेत. पण तिकडं चार्ली स्वतःच्या काकाचं नाव असतं, स्वतःच्या भावाचं असतं. आपल्याच घरातलं नाव आपल्याच कुत्र्याला दिलं तर त्यात दुसऱ्याचा अपमान नाही. इथं तुम्ही नेमकं दुसऱ्याच्या घरातलं उचलता. रमेश, वसंत, सुधाकर ठेवायला जीभ रेटत नाही, कारण तिथं माणूस दिसतो. जॉर्जमध्ये तो दिसत नाही.

वर मलाच विचारतात, मग काय ठेवायचं? मोती ठेवा, वाघ्या ठेवा, खंड्या ठेवा, शेरू ठेवा. आणि माणसाचंच नाव हवं असेल तर आधी स्वतःच्या सासऱ्यांचं ठेवा, आणि ते ओट्यावर बसलेले असताना गेटपाशी उभं राहून अशाच हाका मारून दाखवा.