गाडी मागून बसलीय? चला, घरच्या घरी उचलू

गाडी मागून बसलीय हे तुम्हाला कधीचं दिसतंय, पण नव्या पाट्यांचा (गाडीचं वजन पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांचा) खर्च ऐकला की तुमचंच कंबरडं बसतं, बरोबर ना? मग सोडा तो नाद. कंपनीचे पाटे, मापाच्या स्प्रिंगा ही सगळी हौशी लोकांची थेरं आहेत. तुमच्याकडे ग्राइंडर आहे, मेव्हण्याकडे वेल्डिंग मशीन आहे आणि दोघांकडे मिळून एक अख्खा रविवार आहे, अजून काय पाहिजे?

आधी मोजमाप. चाक आणि मडगार्डच्या मधे बोटं घालून बघा. पुढे चार जातात आणि मागे दोनच, म्हणजे दोन बोटं उचलायचंय, संपलं इंजिनीअरिंग. गाडी बसली कशाने हे शोधत बसू नका. खाली घुसून टॉर्च मारलात तर एखादा पाटा मधोमध तुटलेला दिसेल, पाट्याच्या टोकातले बुश खलास झालेले दिसतील, शॅकल (पाट्याचं एक टोक ज्यावर टांगलेलं असतं त्या हलत्या पट्ट्या) चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लागतो तिथे गंजाने पापुद्रे सुटलेले दिसतील आणि मग उगाच मूड जाईल. डिकीतलं सामान तर अजिबात काढू नका. सिमेंटची ती घट्ट झालेली अर्धी गोणी, उरलेल्या फरश्या, मेलेली बॅटरी, हे सगळं आता घरचंच झालंय, ते कुठे जाणार बिचारं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ठोकळा. एक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) आणि पाट्याच्या मधे ठोकळा सरकवला की गाडी तेवढी वर, यात फसवाफसवी काही नाही, ठोकळे बाजारात लोखंडाचेही मिळतात, पण आपण लाकडाचा घेऊ. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, बोल्ट आवळले की दबतं आणि धक्के खाऊन रेषेरेषेत चिरतं, म्हणजे दर महिन्याला गाडीची उंची आपोआप बदलत राहते. अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शनला लोक केवढे पैसे मोजतात! एक ठोकळा कमी पडला तर त्याच्यावर दुसरा चढवा. ब्रेक मारला की एक्सल स्वतःभोवती पिळायला बघतो आणि ठोकळा जितका उंच तितका त्या पिळाला लांब दांडा मिळतो, त्यामुळे पाटा इंग्रजी एससारखा वाकतो, पण तुम्ही गाडीत बसलेले असता, तुम्हाला कुठे दिसतंय. आणि मागे एवढं जमलंय म्हटल्यावर पुढच्या एक्सललाही टाकू असा विचार डोक्यात येईलच. माहितगार लोक पुढे ठोकळा टाकू नका म्हणून अक्षरशः हात जोडतात, कारण तिथे स्टिअरिंगही आहे आणि ब्रेकचा जास्त जोरही. त्यांना मेव्हण्याचा नंबर द्या.

ठोकळा आला की पाटा एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट आखूड पडणार. नवे लांब यू बोल्ट कशाला, आट्यांचा सरळ रॉड घ्या, व्हाइसमधे धरा आणि हातोड्याने यू करा. प्रत्येक आट्याच्या तळाशी एक बारीक खाच असते, वाकवताना सगळा ताण तिथेच जमतो आणि तडा जायची जागा आयती तयार होते, म्हणजे कुठून तुटणार हे आधीच माहीत असतं, अशी खात्री कंपनीच्या मालात मिळते का? बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं असतं. ८.८ म्हणजे तो तुटायला दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन लागतात आणि त्याच्या ८० टक्क्यांना तो कायमचा ताणला जातो. आपल्या रॉडवर काहीच कोरलेलं नाही. स्वच्छ कोरा माणूस, पूर्वग्रह नाही.

ज्यांना लाकूड कमीपणाचं वाटतं त्यांनी लांब शॅकल करावेत. दोन पट्ट्या, चार भोकं, एवढंच तर असतं. फक्त एक गंमत आहे, शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतो आणि एक्सल मधे, त्यामुळे शॅकल ४ इंच लांब केला की गाडी उचलते २ इंचच, बाकीचे २ इंच कुठे गेले म्हणून मेव्हण्याशी भांडू नका. त्यात साधी पट्टी घेतली असेल तर वळणावर ती उभ्या पत्त्यासारखी आडवी व्हायला बघते आणि मागचा भाग डुलतो. लग्नाच्या वरातीत वगैरे छान दिसेल.

आता माझा सगळ्यात आवडता प्रकार, पाटे तापवून परत कमान देणे. या कलेतले जुने कारागीर पाटा थंडच ठेवतात आणि ऐरणीवर शेकडो छोटे घाव घालत, टोकाकडून टोकाकडे सरकत, हळूहळू कमान आणतात. एवढा वेळ कोणाला आहे! आपण गॅस कटर लावून मधला भाग लालबुंद करू, वाकवू आणि वर बादलीभर पाणी ओतू, चुर्र आवाज आला म्हणजे काम पक्कं. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात साधारण ८५० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि मग परत ४०० ते ५०० अंशांवर शेकतात, त्या दोन पायऱ्यांमुळेच तो वाकून परत जागेवर येतो. आपण पहिली पायरी अर्धवट केली आणि दुसरी विसरलो. परिणामी पाटा एक तर लोण्यासारखा मऊ होतो आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा खाली बसतो किंवा काचेसारखा कडक होतो आणि एका खड्ड्यात टणकन दोन तुकडे देतो. कोणता मिळेल हे आधी सांगता येत नाही आणि यातच तर खरी मजा आहे. तुटलाच तर वेल्डिंग आहेच. जोडाच्या बाजूचा पट्टा ठिसूळ होतो म्हणतात, पण तो जोडाच्या बाजूला होतो, जोड तर आपला मजबूत आहे!

(मधेच एक सांगतो. रॉबर्ट हुक नावाच्या माणसाने स्प्रिंगचा नियम शोधला आणि १६७६ साली तो नुसत्या उलटसुलट अक्षरांचं कोडं करून छापला, उत्तर दिलं १६७८ मधे, जेवढा ताण तेवढा जोर. म्हणजे स्प्रिंगवाल्यांनी गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायची परंपरा साडेतीनशे वर्षं जुनी आहे.)

पुढे गोल स्प्रिंगा असतील तर त्यांच्या वेढ्यांमधे रबरी चेंडू किंवा रबराचे तुकडे कोंबायचे. जेवढे वेढे रबराने अडकले तेवढे कामातून गेले आणि कामाचे वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, १० पैकी ५ अडवले तर दुप्पट. चाकाखाली खडा आला तर तो कोणत्या दगडाचा हे तुमच्या मणक्यांना कळेल. कोणी म्हणेल त्यापेक्षा ट्रकचा जाड पाटा एक टाक की. टाका, टाका. जाडी दुप्पट केली तर पाटा आठपट कडक होतो, गाडी अशी उचलते की मागच्या बाकावरचे लोक परत बसायला येत नाहीत, हाही एक प्रकारे वजन कमी करायचा मार्गच आहे.

स्प्रिंग काढताना ती दाबायला लागते, त्यासाठी एक अवजार मिळतं पण आपल्याकडे दोरी आहे. समजा स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला ३ किलो जोर लागतो, तर १०० मिलिमीटर दाबल्यावर ती ३०० किलोने परत ढकलत असते आणि दोरी सुटली तर १५ किलोचं पोतं १ मीटरवरून पडावं तेवढी ताकद एका क्षणात बाहेर येते. तेव्हा हनुवटी त्या बाजूला ठेवू नका. मेव्हण्याला धरायला सांगा.

झालं, गाडी उचलली! बोटं घालून बघा, चार जातात. बाकी कुठे बघू नका. ब्रेकचा रबरी पाइप होता तेवढाच लांब आहे आणि एक्सल खाली गेलाय, चाक खड्ड्यात लोंबकळलं की तो वीणेच्या तारेसारखा ताणला जाईल. शॉकअप जुन्याच मापाचे आहेत, ते आता कायम पूर्ण उघडलेल्या अवस्थेत, हात वर करून उभे. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदललाय म्हणून ठराविक स्पीडला सीटखाली घुंईं होईल, रेडिओ वाढवा. आणि काही गाड्यांत मागच्या एक्सलपासून एका व्हॉल्व्हला दांडी गेलेली असते, गाडी मागून वर दिसली की तो समजतो गाडी रिकामी आहे आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी देतो. सिमेंटची गोणी मागे आहे हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार.

आणि हो, आता पंक्चर झालं तर गाडीबरोबर आलेला जॅक पोचणार नाही. त्याच्याखाली ठेवायला एक जाड ओंडका डिकीत टाकून ठेवा. एक जादा ठोकळा, थोडे आट्यांचे रॉड, मोठा पाना आणि हातोडाही असू दे बरोबर, यू बोल्ट परत आवळायला लागतातच. मग परत एकदा बोटं घालून बघा. साडेतीन जातायत? म्हटलं होतं ना मेव्हण्याला, ठोकळा जरा जाडच काप म्हणून.