थ्रॉटल सेन्सर तपासायला कनेक्टर काढून गाडी चालवू नका

गेल्या आठवड्यात माझे मामा सक्करदऱ्याहून बुटीबोरीला निघाले आणि वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर त्यांची गाडी एकदम रांगायला लागली. मागे ट्रक, शेजारी मामी. पेडल पूर्ण दाबलं तरी गाडी उचलेना. कशीबशी पुलावरून उतरवून त्यांनी मला फोन केला, "अरे बाबू, त्या मेसेजात लिहिलं तसंच तं केलं मी!"

तो मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर महिनाभर फिरतोय. म्हणणं असं: गाडी झटके देते, पिकअप नाही, म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर गेला (इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडली ते सांगणारा). खात्री करायला सेन्सरचा कनेक्टर काढून एक चक्कर मारा. फरक पडला नाही तर सेन्सर खराब. मग त्यात पेट्रोल मारून साफ करा, बॅटरीचं टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवा. चेक इंजिनचा दिवा नसेल तर सेन्सर ठीक.

माझं गॅरेज आहे, रोज हेच काम करतो, म्हणून लिहितोय.

कनेक्टर काढण्याचा सल्ला सगळ्यात घातक. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात जुनी गाडी आहे, जिच्यात ॲक्सिलरेटरची केबल थेट थ्रॉटलची झडप ओढते. आताच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत केबल नसते. पेडलला वेगळा सेन्सर असतो, आणि झडप फिरवते ती थ्रॉटल बॉडीतली, म्हणजे झडप जिच्यात बसते त्या भागातली, छोटी मोटर. तिथल्या कनेक्टरमध्ये साधारण सहा तारा येतात: दोन मोटरच्या, एक ५ व्होल्टची, एक अर्थिंगची, दोन सिग्नलच्या. तो काढला की सेन्सरबरोबर मोटरही बंद. झडप स्प्रिंगच्या जोरावर जराशी उघडी राहते, तेवढ्या हवेवर इंजिन कसंबसं चालतं, गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे बिघाड दिसला की मुद्दाम कमी ताकदीवर चालते. सेन्सर चांगला असो की खराब, हेच होणार. मग यातून कळलं काय? आणि हे कळून घ्यायला माणसाला चालत्या रस्त्यावर पाठवायचं?

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. केबलच्या जुन्या गाडीत सेन्सर चुकीचा सिग्नल देत असेल, तर कनेक्टर काढल्यावर इंजिन कधी कधी सुधारतं, कारण ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, त्या सेन्सरचा नाद सोडून ठरावीक आकड्यावर चालतं. जुने मिस्त्री हे करून बघायचे. पण गॅरेजात, गाडी उभी ठेवून.

झटके म्हणजे सेन्सरच, हेही खोटं. घाण झालेली थ्रॉटल बॉडी, हवा ओढणारा फाटका पाइप, ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल कमजोर, सगळ्यांनी गाडी अशीच वागते. स्कॅनरवर कोड, म्हणजे ईसीएमनं नोंदवलेला बिघाडाचा नंबर, आला तरी घाई नको. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२०१२ या मानकात हे कोड ठरवून दिलेत. पी०१२२ म्हणजे थ्रॉटल किंवा पेडल पोझिशन सेन्सर 'ए'चं सर्किट लो (सिग्नल फार कमी), पी०१२३ म्हणजे तेच सर्किट हाय (फार जास्त). सर्किट! त्यात तारा आल्या, कनेक्टरच्या पिना आल्या, ५ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थ आला. सेन्सर त्यातला एक.

म्हणून मीटर लावा. चावी ऑन, इंजिन बंद, कनेक्टर जागेवरच. मागच्या बाजूनं बारीक पिन घालून मोजा. आधी ५ व्होल्ट येतात का आणि अर्थ नीट आहे का. येत नसतील तर सेन्सरला दोष देऊ नका. त्याच लाइनवरचा दुसरा एखादा सेन्सर शॉर्ट होऊनही ती लाइन पडते. मग सिग्नल. केबलच्या गाडीत झडप बंद असताना साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४.५ च्या आसपास. पेडल हळूहळू दाबताना आकडा सरळ चढला पाहिजे, मध्ये खड्डा पडता कामा नये. मोटरवाल्या थ्रॉटलमध्ये दोन सिग्नल असतात, बऱ्याच गाड्यांत एक चढतो तसा दुसरा उतरतो. तिथले आकडे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

मामांच्या गाडीत दोन्ही सिग्नल आधी ठीक दिसले. कोड तर त्यांनी बॅटरी काढून आधीच पुसून टाकला होता. टर्मिनल काढल्यानं होतं ते एवढंच: बिघाड जागेवर राहतो, त्याचा पुरावा जातो. शेवटी मीटरवर नजर ठेवून हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हलवत गेलो, आणि कनेक्टरपासून चार बोटांवर आकडा धाडकन खाली आला. तार इन्सुलेशनच्या आत तुटली होती. जोडली, स्लीव्ह चढवली, झालं. दुसऱ्या एका गॅरेजनं त्यांना अख्खी थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितलं होतं.

पेट्रोल सेन्सरवर मारू नका, आत झिरपलं तर चांगला सेन्सरही जाईल. कार्बन साफ करायचा तो झडपेवरचा, थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन. आणि दिवा नसला म्हणजे सेन्सर ठीक, असं नाही. क्षणभर तुटणारा सिग्नल दर वेळी कोड टाकेलच असं नसतं.

ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या आमच्या भाऊजींना मी फोन केला होता. ते म्हणाले, मलाही कुणीतरी पाठवला. भाऊजी, निदान तो कनेक्टरचा मुद्दा आज रात्रीच्या आत काढा. त्या ग्रुपवर एकवीस जण गाडी चालवतात.