वजनं उचलणं घाबरून सोडू नका, वाढलेलं वजन बहुतेक पाणी असतं

वजनं उचलून आपण 'पुरुषी' दिसू ही बायकांची भीती निराधार आहे, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण ती भीती येते कुठून, हे राहूनच गेलं. मी सुरुवात केली तेव्हा तीन आठवड्यांत काटा दीड किलो वर आणि पँट मांडीत घट्ट! घाबरून सोडून दिलं. नंतर कळलं, ते स्नायू नव्हतेच. नव्या व्यायामाने स्नायूंना थोडी सूज येते, शिवाय स्नायू ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) जास्त साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. बऱ्याचजणी नेमक्या इथेच कच खातात.

खरे स्नायू इतक्या सहज येत नाहीत हो. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं हार्मोन, आपल्या १० ते २० पट असतं, तरी त्यांनासुद्धा वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो. वेटलिफ्टर मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, क्लीन अँड जर्कमध्ये (वजन आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) ११५ किलो उचलले, ते ४९ किलो वजनगटात! म्हणजे इतकं उचलूनही तिचं स्वतःचं वजन ४९ किलोच्या वर नव्हतं.

'टोनिंगसाठी (अंग रेखीव करायला) हलकी वजनं' हा लेखातला सल्ला मात्र पटला नाही. टोनिंग म्हणून काही वेगळं नसतं. स्नायू जरासा वाढतो, वरची चरबी घटते, झालं. बाटलीएवढी डंबेल्स महिनोन्महिने हलवून माझे हात फक्त कंटाळले. मग जड वजनांनी पुन्हा सुरू केलं, आता तिसरं वर्ष चालू आहे, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून उभं राहणं) ६० किलोवर आहे आणि ब्लाउज जुनेच बसतात.

आणि एखादीला भरदार दंड आवडतच असले तर?