‘ची’ म्हणजे संधी? मग संधिवाताचं काय?

“चिनी भाषेत ‘संकट’ हा शब्द दोन अक्षरांनी लिहितात. एक धोक्याचं, दुसरं संधीचं!” हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. मला तो मध्यंतरी ऑफिसच्या एका ट्रेनिंगमध्ये पडद्यावर भेटला, मागे उगवता सूर्य. यंदा पगारवाढ नाही, हे पुढच्याच स्लाइडवर कळलं.

शब्द आहे ‘वेइ-ची’. ‘वेइ’ म्हणजे धोका, इथवर फॉरवर्ड बरोबर आहे. इ.स. १०० च्या सुमारास झालेल्या ‘शुओवेन’ या चिनी कोशात त्याचा अर्थ ‘उंचावर असून भिणे’ असा दिलाय.

घोळ आहे तो ‘ची’चा. या अक्षराच्या पारंपरिक रूपात डावीकडे ‘लाकूड’ आहे. जुना अर्थ लाकडी यंत्रातला खटका, मग माग, मग यंत्र. मराठीत याला चपखल शब्द आहे, कळ. कळ दाबली की यंत्र सुरू होतं, आणि ‘कळीचा मुद्दा’ही आपण म्हणतोच. वेइ-ची म्हणजे धोक्याची, कळीची वेळ. गंमत म्हणजे, या अक्षराच्या उजव्या भागाचा शुओवेनमधला एक अर्थ धोका असाच आहे!

मग संधी आली कुठून? ‘ची’ला ‘हुइ’ (गाठ पडणं) जोडून ‘ची-हुइ’ होतो, त्याचा अर्थ संधी. काही जुन्या म्हणींत एकट्या ‘ची’लाही तो अर्थ आहे, नाही असं नाही. पण विमान ‘फेइ-ची’ आणि मोबाइल ‘शोउ-ची’, म्हणजे हातातलं यंत्र. तिथे कोणी ‘हातातली संधी’ म्हणत नाही. आपल्याकडे संधी म्हणजे सांधाही. म्हणून संधिवात झालेल्या आजीला “आजी, यात संधी आहे बरं का” असं सांगून बघा.

“प्राचीन चिनी शहाणपण” हेही खरं नाही. ही कोटी इंग्रजीत गाजली. जॉन केनेडींनी १९५९ च्या इंडियानापोलिसमधल्या भाषणात ती वापरली आणि पुढे ती मॅनेजमेंटच्या वक्त्यांच्या तोंडी बसली. आता चिनी पुढारीही “वेइमध्ये ची आहे” म्हणतात. पण ‘आहे’ असं त्यांनाही मुद्दाम सांगावं लागतं. एरवी चिनी माणूस आर्थिक संकटाला वेइ-ची म्हणतो, चाळिशीतल्या घालमेलीलाही वेइ-चीच म्हणतो, आणि दोन्हींत त्याला नुसतं संकटच ऐकू येतं.