मालकांनी कसे वागावे?

मालक, आधी अभिनंदन. आपल्याला कुणी कळवलं नसेल, पण बँका, विमा महामंडळ आणि परवापरवापर्यंत विमानंसुद्धा आपल्या मालकीची. जन्मापासून. सातबाऱ्यावर नाव शोधत बसू नका. ही मालकी फक्त छातीत असते.

मालकाचं पहिलं काम रांगेत उभं राहण्याचं. 19 जुलै 1969 ला राष्ट्रीयीकरण होऊन 14 बँका आपल्या झाल्या. काउंटरवरचं पेन दोरीने बांधलेलं दिसलं तर मनाला लावून घेऊ नका. पेन आपलंच आहे, फक्त आपल्यापासून जपलंय. खिडकीतले साहेब वर बघत नाहीत, कारण मालकाच्या नजरेला नजर देणं बरं दिसत नाही.

विमानाचं प्रकरण मात्र मोठ्या मनाने घ्यायचं. टाटांनी 1932 साली सुरू केलेली विमानसेवा, म्हणजे पुढची एअर इंडिया, 1953 मध्ये देशाची, म्हणजे आपली झाली. आता प्रजासत्ताकाच्या विमानाचा चेहरा कोण असावा? कमरेत वाकलेला महाराजा! 1971 मध्ये खऱ्या राजांचे तनखे बंद झाले. मिशीवाल्या या एकट्याचा चालू राहिला, आपल्या खिशातून. आपण त्या विमानात कधी बसला नसाल. बिघडलं कुठे? गच्चीवर पापड वाळत घालताना वर बघून ‘आपलं विमान’ म्हणता येत होतं, आणि त्याला तिकीट नव्हतं.

जानेवारी 2022 मध्ये ते टाटांकडे परत गेलं. सौदा 18,000 कोटींचा. त्यातले 2,700 कोटी रोख, बाकीच्या रकमेइतकं कर्ज त्यांनी अंगावर घेतलं. ‘देशाचं झालं’ म्हणून 1953 मध्ये आजोबांनी पेढे वाटले असतील, तर ‘घरी परतलं’ म्हणून आपणही वाटा. हलवाई चालेल तो. राहिलेलं 46,000 कोटींवरचं कर्ज सरकारने एका वेगळ्या सरकारी कंपनीच्या नावावर ठेवलंय. ती कंपनी कुणाची, हे आता आपल्याला सांगायला नको. घर गेलं, हप्ते राहिले. खासगी मालकाला झेपेल का हो एवढी निष्ठा?

वाईट वाटत असेल तर विमा महामंडळ, म्हणजे एलआयसी, आहेच. 1956 पासून आपलं. मे 2022 मध्ये सरकारने त्यातला साडेतीन टक्के हिस्सा बाजारात आणला आणि आपल्याच वस्तूचा तुकडा विकत घ्यायची संधी आपल्याला मिळाली. शेअर 949 रुपयांना. आपल्याकडे पॉलिसी असेल तर 60 रुपये सूट. पहिल्याच दिवशी भाव सूट धरून पडलेल्या किमतीच्याही खाली उघडला, पण मालकाने भाव बघू नये, भाव ठेवावा.

फक्त पुढच्या वेळी शेअर ठेवायचं डीमॅट खातं आधीच उघडून ठेवा, आणि पॅन पॉलिसीला जोडायची तारीख चुकवू नका. सूट मागणारा मालक खरा की तोतया, हे त्यांना पडताळून बघावं लागतं.