एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: तुमच्या क्लासिकची सेल्फ मोटर आम्ही का बदलली नाही

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: 2011 ची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350, सेल्फ जड फिरत होता, आधीच्या मेकॅनिकने मोटर गेल्याचं सांगितलं होतं, बॅटरी नवी होती. तरी आम्ही गाडी दोन दिवस ठेवून घेतली, मोटर बदललीच नाही, “नुसती एक वायर टाकली” आणि तपासणीचे 600 रुपये वेगळे लावले. शिवाय आठवड्याभराने एका सकाळी सेल्फ पुन्हा जड गेला. तुम्ही हे सगळ्यांसमोर लिहिलंत, म्हणून मीही इथेच सविस्तर लिहितो. रत्नागिरीत जुन्या बुलेट वापरणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याही उपयोगी पडेल.

आधी दोन दिवसांचं. गाडी आली तेव्हा बॅटरी 12.1 व्होल्टवर होती, म्हणजे जवळपास निम्मी. बॅटरी नवी होती हे खरं, पण सारखा सेल्फ मारून ती उतरली होती. उतरलेल्या बॅटरीवर सेल्फची तपासणी केली तर कुठलाच आकडा खरा येत नाही. 14 अँपिअर-अवरची बॅटरी सावकाश चार्ज करायची तर रात्र जाते. मग ती काही तास तशीच ठेवायची आणि नंतर मीटर लावायचा. घाईत चार्ज मारून संध्याकाळी गाडी देता आली असती, पण तसं काम आमच्याकडे होत नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरी 12.6 वर स्थिर होती. सेल्फ मारला, तरी इंजिन तसंच कण्हत फिरत होतं. स्पार्क प्लग काढून पुन्हा मारला. या इंजिनात ऑटो डिकॉम्प्रेशन असतं, म्हणजे चालू करताना सिलिंडरमधला दाब आपोआप थोडा सोडणारी सोय. ते बिघडलं तर सेल्फला पूर्ण कॉम्प्रेशन ढकलावं लागतं आणि मोटर उगाच बदनाम होते. पण प्लग काढूनही फिरणं जडच राहिलं, तेव्हा तो संशय मिटला. मोटरचा जोर इंजिनाला देणाऱ्या स्प्रॅग क्लचचाही प्रश्न नव्हता, कारण तो गेला की मोटर घर्र करून रिकामी पळते आणि इंजिन जागचं हलत नाही.

आता मुख्य गोष्ट. सेल्फ दाबून धरला असताना बॅटरीच्या दोन टोकांवर 10.9 व्होल्ट होते आणि मोटरवर पोचत होते फक्त 8.6. मधले 2.3 व्होल्ट वाटेत कुठे जातात ते शोधायचं होतं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं मोटरच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारला: 0.4. या बाजूला रिले (सेल्फचा करंट जोडणारा स्विच) आणि दोन केबल आल्या, तेव्हा एवढं चालतं. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर: 1.9. इथे 0.2 च्या आसपास यायला हवं.

बॅटरी 10.9 वर टिकून होती हीसुद्धा एक खूणच होती. मोटर आतून शॉर्ट असती किंवा बुश झिजून आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा भाग) घासत असतं, तर तिने करंट ओरबाडला असता आणि बॅटरी बरीच खाली बसली असती. इथे मोटरला पुरेसा करंट मिळतच नव्हता. कार्बन ब्रश संपले तरी करंट कमी होतो, पण मग हे 1.9 व्होल्ट अर्थच्या, म्हणजे मायनसच्या, बाजूला दिसले नसते.

म्हणून बॅटरीच्या मायनसवरून एक जाड जंप केबल थेट इंजिनावर धरली आणि सेल्फ मारला. तुमचीच जुनी मोटर खाडकन फिरली. तो व्हिडिओ तुम्हाला त्याच दुपारी व्हॉट्सअॅपवर पाठवला आहे, कृपया एकदा बघा.

दोष सापडला तो सीटखाली. दोनेक वर्षांपूर्वी तुम्ही फ्रेम पावडर कोट करून घेतली होती. नंतर जोडणी करताना कोणीतरी मायनसची केबल इंजिनावर न नेता फ्रेमवरच बोल्टने आवळली, तीही कोटवर. पावडर कोटमधून वीज जात नाही. बोल्ट काढला तर लगखाली (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) काळा कोट जसाच्या तसा होता, फक्त वॉशरच्या कडेने खरवडलेली चंद्रकोरीएवढी जागा चमकत होती आणि तिच्याभोवती तपकिरी भाजल्याचा डाग होता. मोटरचा सगळा करंट तेवढ्या जागेतून आणि बोल्टच्या आट्यांतून जात होता. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर तो बोल्ट हाताला गरम लागत होता. लगच्या तोंडाशी केबलचं आवरण सोललं, तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. आपल्याकडे खाऱ्या हवेत हे व्हायचंच.

“हेडलाइट झकास लागतो, मग अर्थिंग खराब कसं?” असं तुम्ही काउंटरवर विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे. हेडलाइट साधारण 5 अँपिअर घेतो, सेल्फ मोटर शंभराच्या घरात. जो जोड सेल्फच्या वेळी दोन व्होल्ट गिळतो, तोच हेडलाइटच्या वेळी एका व्होल्टचा जेमतेम दहावा हिस्सा खातो. त्यामुळे लाइट नीट दिसतो, हॉर्न वाजतो, साधा मीटर लावला तर बीपसुद्धा येतो. आधीच्या ठिकाणी बीप ऐकूनच वायरिंग ठीक ठरवलं गेलं असावं, असा माझा अंदाज आहे. हा दोष सेल्फ चालू असताना मोजला तरच पकडता येतो.

आम्ही मायनसची नवी जाड तांब्याची केबल थेट क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या धातूच्या कवचावर) आणली, फ्रेमचा जोड धातूपर्यंत घासून वेगळा घेतला आणि दोन्हीकडे ग्रीस लावलं. नंतरचे आकडे बिलाच्या मागे लिहिलेले आहेत: बॅटरीवर 10.4, मोटरवर 9.7, अर्थच्या बाजूला 0.2. बॅटरीचा आकडा आधीपेक्षा उतरलेला पाहून घाबरू नका. मोटर आता पूर्ण करंट घेते, म्हणून तो उतरतो.

600 रुपये या मोजमापाचे आहेत. त्यात माणसाचा वेळ आहे आणि शिकलेलं काम आहे. नवी मोटर घातली असती तर बिल कितीतरी मोठं झालं असतं, त्यात तपासणी वेगळी दिसली नसती, आणि नवी मोटरही त्याच भाजलेल्या बोल्टवर कण्हत राहिली असती. चांगली मोटर काढून गिऱ्हाइकाच्या माथी दुसरी मारणं मला पटत नाही. तपासणीचे पैसे मी सांगून घेतो आणि पुढेही घेईन.

आता ती एक सकाळ. तिच्याबद्दल तुमची तक्रार मला महत्त्वाची वाटते. गाडीला जीपीएस ट्रॅकर आणि मोबाइल चार्जर थेट बॅटरीवरून जोडलेले आहेत. चावी बंद असताना त्यांचा मिळून 45 मिलीअँपिअर करंट जात होता, हे बिलावर लिहिलं आहे. ट्रॅकर काढू नका असं तुम्ही सांगितलं, म्हणून काढला नाही. या हिशोबाने दिवसाला एक अँपिअर-अवरपेक्षा थोडं जास्त जातं. पावसामुळे गाडी पाच दिवस उभी राहिली असेल तर बॅटरीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तसाच उतरला. पण तेच कारण आहे असं न मोजता म्हणणार नाही. इंजिन चालू असतानाचं चार्जिंग आम्ही पाहिलं होतं, 14.2 व्होल्ट येत होतं, म्हणजे ते ठीक होतं.

हे तपासायचं तर गाडी चालवून आमच्याकडे आणून उपयोग नाही, वाटेत बॅटरी चार्ज होते. तुम्हाला सोयीची सकाळ फोनवर कळवा. आमचा मुलगा मीटर घेऊन घरी येईल आणि तुम्ही चावी लावायच्या आधी बॅटरी बघेल. याचे पैसे नाहीत. ट्रॅकर ठेवायचाच असेल तर चार्जर चावीच्या लाइनवर घेऊन देऊ. तोवर सकाळी जड वाटलं तर सेल्फ दाबून धरू नका, किक मारा.